सहा वाजून दहा मिनिटांची सवय

रेवती बोंद्रे सात महिने एका फोनची वाट पाहत होती. तो सोमवारी सकाळी आला तेव्हा ती कोथिंबीर निवडत बसली होती. स्क्रीनवर 'सरनोबत सर' अशी अक्षरं उमटली आणि तिनं फोन वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. एवढी वाट पाहून मिळालेलं सुख पहिल्याच रिंगला संपवून टाकायला ती काही खुळी नव्हती. चौथ्या वेळी तिनं हात पुसले आणि फोन उचलला.

"मॅडम, कशा आहात? जरा एक अडचण आली होती."

"कोणाला?"

"आपल्या प्लांटवर. छायेचे एलियस चालत नाहीयेत. म्हणजे सकाळी चालतात, संध्याकाळी नाही. आमच्या लोकांनी सगळं करून पाहिलं. तुम्ही तासाभरासाठी आलात तर..."

"घरी येऊन सांगा," रेवती म्हणाली. "आणि जिन्यानं या. लिफ्ट बंद आहे."

लिफ्ट चालू होती. पाच मजले चढून आलेल्या केदार सरनोबतांना लागलेली धाप पाहून तिला जे वाटलं ते चांगल्या माणसाला वाटू नये, पण वाटलं आणि फार बरं वाटलं. तिनं त्यांना पाणी दिलं. चहा विचारला नाही.

अडला हरी म्हणतात तो हा असा समोर सोफ्यावर बसला होता. माळशेत शहराचं जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या 'नीलधारा' कंपनीचा हा प्रमुख. त्या केंद्राची कंट्रोल रूम रेवतीनं एकोणीस वर्षं सांभाळली होती. चार लाख लोक सकाळी नळ उघडायचे आणि पाणी यायचं, यामागे एक बाई खुर्चीत बसलेली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. रेवतीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते छाया आली त्यानंतर.

छाया म्हणजे भूतखेत नव्हे. गेल्या पाचसहा वर्षांत अशी यंत्रं सगळीकडे आली होती. एखाद्या जाणत्या माणसाच्या कॉम्प्युटरला एक नोंद घेणारा प्रोग्राम लावायचा. तो माणूस पडद्यावर काय दिसलं असता कोणतं बटण दाबतो, दोन बटणांमध्ये किती थांबतो, कुठे चुकतो आणि चूक कशी खोडतो, हे सगळं तो महिनोन् महिने टिपत राहतो. मग त्या नोंदींवरून यंत्र एवढंच शिकतं, की अशा वेळी हा माणूस पुढे काय करील. का करील हे ते शिकत नाही. त्याची त्याला गरजही नसते. माणूस घरी गेला तरी त्याचे हात कामावर राहतात.

"मॅडम, ही तुमच्या मदतीला," असं सरनोबत तेव्हा म्हणाले होते. "तुम्हाला रजा घेता येईल. आईकडे जाऊन राहता येईल." रेवतीनं विश्वास ठेवला. चौदा महिने तिनं आपले हात त्या यंत्राला दिले, आणि चौदाव्या महिन्याच्या शेवटी तिला पत्र मिळालं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. त्यावर कडी म्हणजे निरोप समारंभ. साडेपाचला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि ज्या माणसानं तिला काढलं होतं त्यानंच 'रेवतीमॅडम हा आमचा कणा' असं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, कारण हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

"गुरुवारी चौकशी आहे," सरनोबत सांगत होते. "चौकशी अधिकारी देशभ्रतार बाईंना प्रत्यक्ष पाहायचंय. अपघात झाला त्याच वेळी, संध्याकाळी."

अपघाताचं रेवतीनं पेपरात वाचलं होतं. महिन्यापूर्वी क्लोरीनच्या खोलीत एका जोडातून गॅस सुटला. बशीर नदाफ या ऑपरेटरनं नाकावर ओला टॉवेल बांधून आत जाऊन हातानं व्हॉल्व्ह बंद केला. शहर वाचलं, बशीरची फुप्फुसं गेली. आणि आता कंपनी म्हणत होती, की छायेनं वेळेत आज्ञा दिली होती. बशीरनंच व्हॉल्व्ह आधी 'हातावर', म्हणजे यंत्राच्या ताब्यातून काढून, ठेवल्यामुळे ती लागू पडली नाही. निष्काळजीपणा. बशीरला ती पंधरा वर्षं ओळखत होती. तो घरचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस.

"येते," ती म्हणाली.

तिच्या मनात काय होतं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला बिघाड दुरुस्त करायचा नव्हता. तिला तो शोधायचा होता, आणि गुरुवारी सगळ्यांसमोर सरनोबतांच्या गळ्यात बांधायचा होता. बशीरवरचा आळ त्यामुळे निघाला असता, हे खरंच. पण आधी सूड, मग बशीर, असाच क्रम तिच्या मनात होता.

मंगळवारी दुपारी ती आपल्या जुन्या खुर्चीत बसली. खुर्चीची उंची कुणीतरी बदलली होती, कशासाठी कोण जाणे, कारण सात महिन्यांत तिच्यात बसायचं कुणाला कारणच नव्हतं. सरनोबत शेजारी स्टूल घेऊन बसले. अपघातापासून क्लोरीनची सिलिंडरं सील होती आणि शहराचं पाणी ब्लीचिंग पावडरवर चाललं होतं, त्यामुळे काही उलटंसुलटं झालं तरी कुणाच्या जिवाला धोका नव्हता.

एलियस म्हणजे लांबलचक आज्ञेला दिलेलं टोपणनाव. रेवतीनं एकोणीस वर्षांत अशी एकशे बारा नावं जमवली होती, आणि ती सगळी स्वयंपाकघरातली वाटावीत अशी होती. 'गाळ' म्हटलं की फिल्टर धुण्याचा सगळा कार्यक्रम चालू. 'झाक' म्हटलं की क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद, पंखे सुरू, गॅस शोषणारा कॉस्टिकचा फवारा सुरू, भोंगा सुरू. तेरा आज्ञा एका शब्दात. ही सगळी नावं एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेली असत. कॉम्प्युटर ती फाईल वाचतो आणि नावं ओळखू लागतो. फाईल वाचली नाही, तर 'झाक' हा त्याच्या लेखी निरर्थक शब्द.

छाया राहत होती ती एका आभासी मशीनमध्ये, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. असली मशीन सरावासाठी असते. मोडली तर फेकून नवी करायची. ती थेट प्लांटला जोडायची नसते हे शेंबडं पोरही सांगेल. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, मंडप घातला होता, म्हणून सरनोबतांनी सरावाची मशीनच कामाला जुंपली.

रेवतीनं आधी नेहमीची जागा पाहिली. या टोपणनावांची एक खोड असते. समोर माणूस बसलाय असं वाटलं तरच कॉम्प्युटर ती फाईल उघडतो. यंत्र यंत्राला चालवत असेल तर तो तिकडे ढुंकूनही बघत नाही. छाया माणूस नाही. पण ही अडचण कंपनीच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात दूर केली होती. बाहेरच्या कॉम्प्युटरवरची नावं आत जात नाहीत, तेही त्यांनी पाहिलं होतं. फाईल आतच ठेवली होती. तिनं 'झाक' चाचणीच्या रीतीनं देऊन पाहिलं. चाललं.

"सकाळी सातला एक आज्ञा लावलेली दिसते," ती म्हणाली. "रोज ही फाईल नव्यानं आणून ठेवते. का?"

"कारण ती सकाळी जागेवर नसते," सरनोबत म्हणाले.

"कुठे जाते?"

"तेच तर कळत नाही. सकाळी परत ठेवली की दिवसभर काम चालतं. संध्याकाळी तसं काही विशेष काम नसतं, म्हणून..."

"म्हणून ठिगळ लावलंत."

तिनं अपघाताच्या दिवसाची नोंद उघडली. सरनोबतांचा हात किंचित पुढे आला, पण उशीर झाला होता. चौकशीला दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: सहा एक्केचाळीस, आज्ञा दिली, 'झाक'. इथे त्या ओळीखाली मशीनचं उत्तर होतं: अशी आज्ञा नाही. त्याखाली पुन्हा 'झाक'. पुन्हा तेच उत्तर. तिनं मोजलं. तीनतीन सेकंदांनी एक्केचाळीस वेळा छायेनं तोच शब्द लिहिला होता. टोपणनाव चाललं नाही तर माणूस मूळ आज्ञा हातानं लिहितो, पण रेवतीची नावं कधी अडलीच नव्हती, त्यामुळे तसं करताना छायेनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"हे तुम्हाला माहीत होतं," रेवती म्हणाली.

सरनोबतांनी स्टूल जरा मागे सरकवलं. रेवतीच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली. सापडला. आता फक्त फाईल कोण पुसतं तेवढं कळायला हवं होतं. नोंद धोक्याच्या इशाऱ्यानंतरचीच ठेवली जायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत बसून पडद्याकडे पाहण्यापलीकडे काही करायचं नव्हतं.

सहा वाजले. सहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटू लागली. फाईल पुसण्याची आज्ञा. तिसरं अक्षर चुकलं आणि खोडलं गेलं. मग पुन्हा तिथेच चुकलं, पुन्हा खोडलं गेलं. मग चार सेकंद काहीच नाही. मग ओळ पुरी झाली आणि फाईल गेली.

यंत्राला चुकायचं काही कारण नव्हतं. रेवतीनं आपले हात मांडीवर घेतले. त्या दिवशी समारंभानंतर ती डबा न्यायला इथे परत आली होती. खांद्यावर शाल तशीच होती. दात-ओठ खात तिनं ही आज्ञा लिहायला घेतली, बोटं थरथरत होती, दोनदा चुकली. डोळ्यांपुढे धूसर झालं म्हणून तिनं शालीच्या टोकानं डोळे पुसले. तेच हे चार सेकंद. एकोणीस वर्षांची कमाई तुम्हाला फुकट देत नाही, बसा बोंबलत, असं ती मनात म्हणाली होती. एवढाच तिचा सूड. दुसऱ्या दिवशी ते जुनी प्रत काढून फाईल परत ठेवतील, हे तिला घरी जाता जाताच कळलं होतं.

"नोंद बंद केली नव्हतीत त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"रोज तुम्हीच करायचात," सरनोबत म्हणाले. "सहाला. त्या दिवशी तुम्ही समारंभात होतात. कुणाच्या लक्षात आलं नाही."

मग तर सरळच होतं. चौदा महिन्यांतल्या बाकी प्रत्येक नोंदीचा शेवट सहाला झालेला. दिवस कसा संपवायचा याचं छायेकडे एकच उदाहरण होतं, आणि ते तिनं मनापासून गिरवलं होतं. सात महिने, रोज संध्याकाळी, रेवती घरात भाजी चिरत असताना तिचा राग इथे कामावर येत होता.

सरनोबत हुशार माणूस. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

"मॅडम, आपण दोघंही एकाच नावेत आहोत," ते मृदूपणे म्हणाले. "शहराच्या पाण्याची फाईल पुसणं म्हणजे घातपात होतो. मी काय, समजून घेईन; कोर्ट घेईल असं नाही. ही सवय तेवढी काढून टाका. गुरुवारी सगळं नीट चालेल. मग सल्लागार म्हणून या परत. सन्मानानं."

"आणि बशीर?"

"तो तसाही आता कामावर येऊ शकणार नाही. त्याचं आम्ही बघू काहीतरी."

रेवतीनं कीबोर्ड जवळ ओढला. "काढते," ती म्हणाली.

बुधवारी ती बशीरच्या घरी गेली. कबूल करायला निघाली होती. मुमताजनं, त्याच्या बायकोनं, चहा केला, बिस्किटं मांडली. बशीर पलंगावर उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. चार शब्द बोलला की थांबायचा.

"ताई, मी हातावर करून ठिवलेला न्हवता व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "आत गेल्यावर केला. हातानं फिरवायचा म्हंजे करावाच लागतुय."

"मला माहीत आहे."

"श्वास गेला त्याचं काय न्हाई. खुदा देईल तेवढा घ्यायचा. पर पोरीच्या सासरी सांगत्यात, तुझ्या बापानं गाव मारायला घेतलं हुतं." तो थांबला. "तेवढं पुसून द्या, ताई. तुमास्नी कळतंय त्यातलं."

मुमताज म्हणाली, "तुमीच आलासा हे बरं झालं. दुसरं कोन न्हाई आलं कंपनीतलं."

त्यावर आपलं तोंड उघडायची रेवतीची हिंमत झाली नाही. तिनं चहा संपवला आणि सरनोबताला उद्या उघडा पाडते, एवढंच सांगून ती उठली.

गुरुवारी कंट्रोल रूम भरली होती. चौकशी अधिकारी सुलभा देशभ्रतार, निवृत्त न्यायाधीश, समोर वही घेऊन बसल्या होत्या. बशीर चाकाच्या खुर्चीत, मागे मुमताज. सरनोबतांनी इस्त्रीचा कोट घातला होता. त्यांनी छायेची तोंडभरून ओळख करून दिली. ही थकत नाही, घाबरत नाही, विसरत नाही. रेवती मागच्या रांगेत बसून ऐकत होती. तिनं मंगळवारी सवय काढली नव्हती. एका अक्षराला हात लावला नव्हता.

सहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटू लागली. चुकली, खोडली गेली, पुन्हा चुकली.

"हे काय चाललंय?" देशभ्रतार बाईंनी विचारलं.

सरनोबतांनी वळून रेवतीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा उतरतो ते तिनं नीट पाहिलं, घाई न करता, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"काही तांत्रिक... आपण चाचणी पुढच्या आठवड्यात घेऊ," ते म्हणाले.

"आज घेऊ," देशभ्रतार बाई म्हणाल्या.

सहा चाळीसला रिकाम्या नळीवर खोटा इशारा दिला गेला. छायेनं लिहिलं, 'झाक'. अशी आज्ञा नाही. 'झाक'. अशी आज्ञा नाही. भोंगा वाजला नाही, पंखे फिरले नाहीत, फक्त तो एक शब्द पडद्यावर खाली खाली साचत गेला. पंधराव्या वेळी देशभ्रतार बाईंनी पेन खाली ठेवलं. रेवती उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. सरावाची मशीन प्लांटला कुणी जोडली, एक्केचाळीस ओळींतली एकच ओळ चौकशीला कुणी दिली. मग शाल, डबा, थरथरणारी बोटं. "ही फाईल रोज छाया पुसते," ती म्हणाली, "पण पहिल्यांदा मी पुसली. रागानं. ती माझ्याकडून शिकली."

"ऐका, ही स्वतःच कबूल करतेय," सरनोबत उठून म्हणाले. "गुन्हेगार ही आहे."

"मी आहेच," रेवती म्हणाली. "तुम्ही बसा."

ते बसले. आपल्या एका शब्दावर तो माणूस खाली बसला, याचा आनंद तिला झाला. सात महिने कल्पनेत चाखला होता तसाच झाला, पुरेपूर. तिनं काही सत्यासाठी हे केलं असं कुणी म्हणू नये. सरनोबत सुटणार नसेल तर आपण बुडालो तरी चालेल, इथवर ती मंगळवारीच आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तर निदान चावा तरी कडकडून घ्यावा.

मग बशीरनं हात वर केला. बोलायला त्याला वेळ लागला.

"मॅडम, एक इचारायचं हुतं. ह्यांना." त्यानं रेवतीकडे पाहिलं. "त्या टायमाला खुर्चीत तुमी सोता असता, आन् ते नाव चाललं नसतं, तर?"

"तेरा आज्ञा हातानं लिहिल्या असत्या."

"किती येळ लागला असता?"

"चाळीस सेकंद."

बशीरनं मान हलवली. नळीतून श्वास घेतला, सोडला.

"वास आला तवा मी दारात हुतो," तो म्हणाला. "लगीच आत गेलो न्हाई. म्हटलं, यंत्रात रेवतीताईंचं हात हायत, झाकतील. मिनिटभर थांबलो. तवर आत गॅस भरला."

मुमताजनं त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतला आणि ती रेवतीकडे बघत राहिली.

"गुन्हेगारांत साहेबांचं नाव लिवलं का, मॅडम?" बशीरनं देशभ्रतार बाईंना विचारलं.

"लिहिलं."

"त्याच्या वर जागा हाय?"

त्यांनी वहीकडे पाहिलं. "आहे."

"मग ह्यांचं तितं लिवा," बशीर म्हणाला. "खाली नको."

देशभ्रतार बाईंनी पेन उचललं आणि रेवतीकडे पाहिलं. रेवतीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.